डबा ऐसपैस, मोठ्यांचा: जिओकॅशिंग करताना काय करावं, काय टाळावं

वाटचुकार
गेल्या महिन्यात श्टुटगार्टच्या गटगला (आपल्या गेट-टुगेदरला) मी सहज बोलून गेलो की रविवारी मी जंगलात डबे शोधत फिरतो. एकाने विचारलं, "कसले डबे? जेवणाचे?" पुढचा अर्धा तास त्यातच गेला आणि निघताना चौघांनी ॲप उतरवून घेतलं. पुढच्याच रविवारी त्यातल्या दोघांनी असे काही पराक्रम केले की हा धागा काढणं भाग पडलं. नावं सांगत नाही, त्यातला एक इथे वाचतोय.

ज्यांना जिओकॅशिंग हा खेळच ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. कुणीतरी डबा लपवतं, त्याचे अक्षांश-रेखांश साइटवर टाकतं आणि बाकीचे जीपीएस घेऊन तो शोधतात. जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे. २ मे २००० ला ती बंद झाली आणि शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवणारी यंत्रं रातोरात दहा-वीस मीटरवर आली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश एका चर्चागटावर टाकले. आत वही, पेन्सिल, पुस्तकं, व्हिडिओ, एक गलोल आणि चक्क बीन्सचा डबा. म्हणणं एवढंच: काही घ्या, काही ठेवा, वहीत लिहा. त्याच वर्षी २ सप्टेंबरला जेरेमी आयरिशने जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केलं तेव्हा यादीत ७५ डबे होते. आज जगभर तीस लाखांच्या वर आहेत. जर्मनीचा नंबर अमेरिकेखालोखाल लागतो, त्यामुळे माझ्या घरापासून दुधाच्या दुकानापर्यंत तीन डबे आहेत आणि बायको मला दूध आणायला पाठवत नाही.

नवख्यांची पहिली गोची आकड्यांची होते. इथे अंश आणि दशांश मिनिटं चालतात, म्हणजे उ १८° ३०.५००' असं. आपण शाळेत अंश-मिनिटं-सेकंद शिकलो, म्हणून हेच आकडे कुणी १८ अंश ३० मिनिटं ५० सेकंद असे वाचतं आणि सहाशे मीटर उत्तरेला जाऊन भलतीच झुडपं उपसत बसतं. साडेतीस मिनिटं म्हणजे ३० मिनिटं ३० सेकंद. फरक २० सेकंदांचा, आणि अक्षांशाचा एक सेकंद जवळपास ३१ मीटरचा. उलट दशांशातला शेवटचा आकडा एकाने चुकला तर दोन मीटरसुद्धा हलत नाही, त्याची काळजी करू नका.

दुसरं, शेवटच्या दहा मीटरांत फोन खिशात घाला. झाडांखाली आणि उंच इमारतींमध्ये सिग्नल आपटत, उसळत येतो. बाण गरागरा फिरायला लागला की समजा तुम्ही पोचलात, आता यंत्राचं काम संपलं. मी असतो तर कुठे लपवला असता, हे स्वतःला विचारा. जंगलात निम्म्या वेळा उत्तर एकच असतं: मुळाच्या बेचक्यात काटक्या जरा जास्तच शिस्तीत रचलेल्या दिसतात. निसर्ग एका मापाच्या काटक्या तोडून समांतर लावत बसत नाही.

साइटवर प्रत्येक डब्याचं पान असतं, त्यावर आकार दिलेला असतो, तो बघून निघा. मायक्रो म्हणजे १०० मिलिलिटरच्या आत, जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाची डबी असते तेवढी. स्मॉल लिटरभरापर्यंत, रेग्युलर २० लिटरपर्यंत. लोक डबीच्या जागी डबा शोधतात आणि वैतागतात. नॅनो तर करंगळीच्या पेराएवढी, चुंबकाने कठड्याला चिकटलेली, आत कागदाची सुरळी. ती परत गुंडाळून आत घालताना कुलदैवत आठवतं. शोधण्याचं काठिण्य आणि वाट, दोन्हींना १ ते ५ आकडे असतात. वाट ५ म्हणजे दोर, होडी किंवा तसलं काही लागणार. माझ्या एका मित्राला हे हॉटेलाच्या ताऱ्यांसारखं वाटलं आणि तो सासूसासऱ्यांना घेऊन गेला.

आता ते दोन पराक्रम. पहिल्याने डबा शोधला, सही केली आणि "इथे लवकर दिसतो" म्हणून चार झाडं पलीकडे, त्याच्या मते बऱ्या जागी ठेवला. असं करायचं नाही. जिथे होता तिथेच, जसा होता तसाच, वरच्या काटक्या-दगडांसकट. जागा चुकली आहे असं वाटलं तर मालकाला, म्हणजे डबा लपवणाऱ्याला, कळवा. दुसऱ्याने उत्साहात डब्याचा फोटो टाकला, मागे अख्खं झाड आणि त्यातली ढोली. पुढच्या सगळ्यांचा खेळ संपला. फोटो दरीचा टाका, स्वतःच्या चेहऱ्याचा टाका.

सापडला नाही तर तसं लिहा. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. दहावीच्या निकालासारखं लपवू नका. लागोपाठ तिघांनी "नाही सापडला" लिहिलं की मालक जाऊन बघतो, डबा गेला असेल तर नवा ठेवतो. सगळ्यांनी लाजून गप्प बसायचं ठरवलं तर चौथा माणूस पेट्रोल जाळून रिकाम्या ढोलीत हात घालतो. आणि सापडला नाही म्हणून स्वतःच्या खिशातली डबी तिथे टाकून "सापडला" असं लिहिणारे भेटले तर त्यांना चहा पाजू नका.

चष्मेबद्दूर
म्हणजे दुसऱ्याने लपवलेला प्लॅस्टिकचा डबा शोधायचा, त्यात सही करायची आणि परत तिथेच ठेवायचा. मिळतं काय?

वाटचुकार
काही नाही.

सरीवर_सर
सिअॅटलहून हजेरी. या खेळाच्या कंपनीचं ऑफिस आमच्या इथे फ्रेमॉन्ट भागात आहे, लोक पंढरीला यावं तसे येतात. नऊ वर्षं खेळतेय, नवरा गाडीत बसून राहतो.

वाटचुकार, तुम्ही लॉगबद्दल, म्हणजे शोधल्यावर करायच्या नोंदीबद्दल, घाईत उरकलंत. कागदावर फक्त नाव आणि तारीख पुरे, मायक्रोमध्ये जागाच नसते. पण ऑनलाइन लिहिताना नुसतं "टीएफटीसी" लिहून मोकळं होऊ नका. डब्याबद्दल आभार एवढाच त्याचा अर्थ, पण तो लग्नात अहेराच्या पाकिटावर नुसतं "शुभेच्छा" लिहिण्यासारखा आहे. त्या मालकाने जागा शोधली, परवानगी काढली, डबा रंगवला, पावसात जाऊन दोनदा कागद बदलला. त्याला मिळतं ते फक्त तुमचे शब्द. दोन ओळी लिहा: पाऊस होता का, कुत्रं मागे लागलं का, पोरगं पडलं का. मी ठेवलेल्या एका डब्यावर कुणीतरी लिहिलं होतं की आई गेल्यानंतर ते पहिल्यांदा घराबाहेर पडले ते या डब्यासाठी. तो डबा मी अजून दर महिन्याला जाऊन पुसते.

आणि ट्रॅव्हल बग. कुत्र्याच्या गळ्यात असते तशी ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर क्रमांक आणि तिला बांधलेली एखादी वस्तू. ती बक्षीस नाही! ती प्रवासी आहे. तुम्ही उचलली तर पुढच्या डब्यात नेऊन सोडायची आणि साइटवर नोंद करायची. पुढे न्यायला जमणार नसेल तर उचलूच नका, नुसतं "पाहिली" असं नोंदवा. आणि त्या क्रमांकाचा फोटो कधीही टाकू नका, तो क्रमांक म्हणजेच तिची किल्ली. कुणीही घरबसल्या "पाहिली, पाहिली" लिहीत सुटतं. माझ्या लेकीने सहा वर्षांची असताना गणपतीची एक छोटी कीचेन पट्टीला बांधून सोडली, ध्येय लिहिलं "पुण्याला आजीकडे जायचंय". गणपती आयडाहो, कोलोरॅडो करत आइसलँडला पोचला आणि तिथून पुढे एका माणसाने उचलला तो उचललाच. चार वर्षं झाली. दोनदा मेसेज केला, उत्तर नाही. लेक आता दर चतुर्थीला विचारते, आपला कुठेय?

चष्मेबद्दूर
त्याच्या ड्रॉवरमध्ये. चावीला लावला असेल.

सरीवर_सर
नको ना तसं बोलू रे.

मावशी_ओहायोत
मी दर उन्हाळ्यात लेकीकडे येते, चार महिने. नात आणि मी दोघी डबे शोधतो. लेक म्हणते आई तुला गुडघे दुखतात आणि तू ओढ्यात उतरतेस. गुडघे घरी दुखतात.

डब्यात काय ठेवावं ते मी चुकून शिकले, म्हणून सांगते. पहिल्या वेळी मी आपली तिळाच्या वड्यांची पुडी ठेवली, कागदात नीट बांधून. आपल्याकडे कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नाही ना. आठ दिवसांनी मालकाचं लेकीला पत्र, अगदी सभ्य भाषेत: खाण्याचं काही ठेवू नये, रकून येतात. रकूनने डब्याला चावून भोक पाडलं होतं आणि मुंग्यांनी वहीचं वारूळ केलं होतं. मला इतकं लाजल्यासारखं झालं. नवा डबा आम्हीच घेऊन दिला, रबर असलेल्या झाकणाचा, चारी बाजूंनी कड्या लागणारा.

तेव्हापासून मी भारतातून येतानाच सागरगोटे घेऊन येते. पाच-पाच मोजून कापडाच्या छोट्या पिशवीत, आत खेळायची रीत इंग्रजीत लिहून, नातीच्या अक्षरात. मुलांना हॉटेलातल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांपेक्षा हे आवडतं. तुम्ही काही उचललंत तर त्याच तोलाचं काहीतरी ठेवा. छान गाडी घेऊन फुटकं बटण ठेवणारे मी पाहिले आहेत. ठेवायला काही नसेल तर घेऊ नका, सही करा आणि निघा, त्यात कमीपणा नाही. चाकू, औषधं, काडेपेटी, दारूची छोटी बाटली हे तर अजिबात नको, डबा पोरं उघडतात.

आणि तीन-तीन पानांची एक वेल असते इथे, पॉयझन आयव्ही. आपल्या खाजकुइलीची मोठी बहीण. नात मला आधी थांबवते, पानं मोजते, मग म्हणते "चल आजी".

वाटचुकार
मावशी, सागरगोट्यांना दंडवत. भाषांतरासाठी नातीला रॉयल्टी द्या.

पळसपान
वाखूसा (वाचनखूण साठवली). भारी धागा. मी पुण्यात असतो, कालच खातं उघडलं. आपल्याकडे नकाशा अगदीच ओसाड दिसतोय, म्हणून ठरवलंय की आपणच सुरुवात करावी. पुढच्या शनिवारी लोहगडला जातोय, तिथे तटातल्या एखाद्या फटीत बसेल असा डबा घेतला आहे. मग राजगड, मग तोरणा. एकेका किल्ल्यावर एक, अशी मालिका. कुणी येणार का?

नळीची_वाट
येणार नाही आणि तुम्हीही जाऊ नका. म्हणजे लोहगडला जा, डबा घरी ठेवून जा.

तीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय, त्यामुळे जरा कडक लिहितोय, राग मानू नका. तटातली फट म्हणजे रिकामा कप्पा नाही. तुम्ही एक चिप (सांध्यातला बारका दगड) सरकवून डबा बसवणार, मागून येणारे वीस जण तुमचा डबा शोधताना वीस चिपा उपसणार. तुम्ही सुटी दिसेल तीच चीप हलवाल, पण शोधणाऱ्याला ठाऊक नसतं कुठली सुटी आहे. एका पावसाळ्यात ती जागा फुगते, दुसऱ्यात ढासळते. लोहगड, राजगड ही तर संरक्षित स्मारकं, गेल्या वर्षी म्हणजे २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांमधली. तिथे दगडावर बदामात नावं कोरणाऱ्यांना आपण शिव्या घालतो, आणि आपण चांगल्या हेतूने भिंत उसकटायची?

आणखी एक. सह्याद्रीत दगडाच्या कपारीत न बघता हात घालायचा नाही, हे आम्ही पोरांना पहिल्या ट्रेकला शिकवतो. फुरसं असतं, घोणस असते, विंचू तर धरूनच चाला. या खेळाचा मुळी गाभाच कपारीत हात घालणं हा आहे. कड्यावर आग्या मोहोळ असेल आणि तुमचा शोधकरी खाली धडपड करत असेल तर पुढचं मी लिहीत नाही.

पळसपान
ठीक. हे डोक्यात आलं नव्हतं. मग आपल्याकडे हा खेळ होऊच शकत नाही का?

नळीची_वाट
डब्याशिवाय होऊ शकतो ना. वाटचुकार, ते भूगर्भवाले काय असतात ते सांगा यांना.

वाटचुकार
अर्थकॅश. २००४ पासून आहेत, अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या पुढाकाराने सुरू झालेले. डबा नसतोच. जागेवर जाऊन काहीतरी बघायचं, मोजायचं आणि मालकाने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्याला पाठवायची. उत्तर फक्त तिथे उभं राहूनच देता येईल असा प्रश्न हवा, गुगलून मिळेल असा नको.

खरं सांगू, महाराष्ट्राइतकी याला लायक जागा मला तरी माहीत नाही. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे घ्या. तिथे विचारा, खळग्याच्या तळाशी काय पडलंय, त्या गोट्यांचा रंग कडेच्या खडकासारखाच आहे का, कडा हाताला कशी लागते. पाण्याच्या भोवऱ्यात गोटे फिरून फिरून खडक कसा कोरला गेला, ते वाचून कळतं त्यापेक्षा त्या गुळगुळीत कडेवर हात फिरवून जास्त कळतं. किंवा लोणार: बसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं जवळजवळ १.८ किलोमीटर रुंदीचं विवर. काठावरून सुरुवात करून उतरताना झाडी कशी बदलते, विचारा. मात्र तिथे अभयारण्य आहे, आधी वनखात्याला विचारूनच. अंधेरीची गिल्बर्ट हिल तर चाळींच्या मध्ये उभी आहे, लाव्हा थंड होताना झालेले खांब मोजायला लोकलने जाता येतं. मुंबईकरांनी कारणं सांगू नयेत.

कोपऱ्यावरचा
डबा ठेवायचाच असेल त्यांनी माझी गोष्ट ऐका. अकरा वर्षांपूर्वीची. हौसेने एका सार्वजनिक बागेत बाकाखाली डबा लावला. शहराचं नाव जाऊ दे. डबा कुठला? घरातला जुना स्टीलचा, मसाल्याचा. ओल लागू नये म्हणून वरून काळ्या चिकटपट्टीने गच्च गुंडाळलेला. आता डोळ्यांसमोर आणा: बाकाखाली चिकटवलेला, काळ्या पट्टीत गुंडाळलेला स्टीलचा डबा.

तिसऱ्या दिवशी सकाळी फिरायला आलेल्या एका काकांनी बुटाची नाडी बांधायला वाकून पाहिलं. तासाभरात बाग रिकामी, दोऱ्या लावलेल्या, श्वानपथक. मी ऑफिसला जाताना गर्दी बघून थांबलो आणि मग कळलं की ही गर्दी माझीच आहे. पुढे होऊन सांगितलं. दुपारपर्यंत ठाण्यात बसून "जिओकॅशिंग म्हणजे काय" हे चार वेगवेगळ्या साहेबांना चार वेळा समजावलं. शेवटच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे लपंडाव. मग लहान मुलांबरोबर खेळा ना." सोडून दिलं, हे त्यांचे उपकार. बायकोने मात्र मसाल्याच्या डब्याबद्दल अजून सोडलेलं नाही.

वाटचुकार
हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. २०११ च्या जुलैत इंग्लंडमध्ये वेदरबी गावात कॅफेबाहेर ठेवलेला असाच एक डबा बॉम्बपथकाने उडवला होता, रस्ता बंद करून.

आपल्याकडे तर "बेवारस वस्तूला हात लावू नका" हे पाठ असलेली पिढी आहे आणि ते बरोबरच आहे. म्हणून स्टेशन, विमानतळ, पूल, धरण, लष्करी हद्द, शाळा, देवळं यांच्या आसपास डब्याचा विचारसुद्धा नको. डबा पारदर्शक घ्या, आतलं सगळं बाहेरून दिसलं पाहिजे. काळी पट्टी, वायर, नळ्या यातलं काही नको. जागेच्या मालकाची परवानगी घ्या, तोंडी नको, निदान एखादा मेसेज तरी हवा. सोसायटीचं आवार असेल तर सेक्रेटरीइतकंच वॉचमनला सांगणं महत्त्वाचं. सेक्रेटरी बदलतो, वॉचमन बघत असतो. आणि आत पहिल्या पानावर मराठीत चिठ्ठी. माझ्या मामेभावाने त्याच्या शेतघराच्या कुंपणाशी ठेवलेल्या डब्यात ही आहे, हवी त्याने घ्या:

"नमस्कार. हा डबा एका खेळासाठी जागेच्या मालकाच्या परवानगीने इथे ठेवला आहे. आत वही, पेन्सिल आणि मुलांच्या लहानसहान वस्तू आहेत, धोकादायक काही नाही. तुम्हाला सहज सापडला असेल तर वहीत नाव लिहा आणि होता तिथेच ठेवा. अडचण वाटत असेल तर खालच्या नंबरवर फोन करा, आम्ही लगेच काढून नेऊ."

मामेभाऊ म्हणतो, सगळ्यात जास्त सह्या गुराख्यांच्या आहेत. एकाने वहीत म्हशीचं चित्र काढलंय.

डबा साइटवर लगेच झळकत नाही हेही सांगतो. स्वयंसेवक तपासनीस बघतो: जवळच्या डब्यापासून १६१ मीटर अंतर आहे का, पुरलेला तर नाही ना, परवानगी आहे का. अल्मरची मूळ बादली आजच्या नियमात नापास झाली असती! आणि तुम्ही तिथे वरचेवर जाऊ शकता का, हेही विचारतात. परदेशी राहणाऱ्यांनी हे नीट ऐका. डिसेंबरात तीन आठवडे यायचं, हौसेने डबा ठेवायचा आणि उडायचं, हे चालत नाही. जूनमध्ये त्याच्यात पाणी भरलं की कोण बघणार?

अवांतर: डिसेंबरात येणाऱ्यांनी ट्रेकचं सॅटेलाइट मेसेंजर बॅगेत टाकून आणू नये. भारतात त्याला परवानगी लागते, आणि गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांना त्यापायी अडकून पडावं लागल्याच्या बातम्या २०२४ च्या डिसेंबरात आल्या होत्या. खेळाला फोनचं जीपीएस पुरतं.

नळीची_वाट
चिठ्ठी आवडली. एक भर: कोकणात किंवा मावळात डबा ठेवलात तर पेन ठेवू नका, पेन्सिल ठेवा. शाई फुटते, कागद निळा होतो. वही झिपच्या पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत. तांदूळ घालायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका. आपल्या पावसात त्याचा भात होतो.

चष्मेबद्दूर
कबुली द्यायची आहे. कामासाठी म्युनिकला आलोय. रविवारी करण्यासारखं काही नव्हतं म्हणून ॲप उघडलं. हॉटेलमागच्या जंगलात दीड तास फिरलो, डबा मिळाला, गोळ्यांच्या जुन्या हिरव्या लष्करी पेटीसारखा. कुणी बघत नव्हतं तरी उगाच बुटाची नाडी बांधायचं नाटक केलं. सही केली. "मिळतं काय" हा माझा वरचा प्रश्न मागे घेतो. आता दुसरा प्रश्न: पोटरीवर काळा तीळ दिसतोय, सकाळी नव्हता. त्याला पाय आहेत.

वाटचुकार
गोचीड! आत्ता, वाचता वाचता काढ. टोकदार चिमटा घे, कातडीला अगदी लागून पकड आणि सरळ, सावकाश वर ओढ. तेल, मेणबत्ती, हळद काही नको, घरी आजीने सांगितलं असलं तरी. पोट दाबू नकोस. जागा धुऊन घे आणि तारीख लिहून ठेव. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल कडं पसरत गेलं किंवा ताप आला तर डॉक्टरकडे, लाइमचा आजार अँटिबायोटिकने बरा होतो. गोचिडीच्या मेंदूज्वराची लस मिळते, दक्षिण जर्मनीत राहणाऱ्यांनी घ्यावीच. लाइमवर मात्र लस नाही, म्हणून लांब पँट, मोजे वरून, आणि घरी आल्यावर आरशासमोर उभं राहणं.

तू इथे आहेसच तर आणखी दोन. शिकाऱ्याच्या मचाणावर चढायचं नाही, डबा तिथे असेल असं कितीही वाटलं तरी. आणि संधिप्रकाशात जंगलात धडपडायचं नाही, शिकारी त्याच वेळी बसलेले असतात आणि जनावरांचीही तीच वेळ. गुहेतले, जुन्या बोगद्यांतले डबे १ ऑक्टोबर ते ३१ मार्च बंद, वटवाघळं झोपलेली असतात. हा नुसता शिष्टाचार नाही, कायदा आहे.

चष्मेबद्दूर
काढली. तारीख लिहिली. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या बाईने चिमटा दिला आणि विचारलं, "जिओकॅशिंग?"

सरीवर_सर
आता तुझी सुटका नाही.

पळसपान
किल्ल्यांची मालिका रद्द केली, निघोजचं बघतोय. तोवर निदान शोधून तरी बघू म्हणून घरापासून चार किलोमीटरवर एक डबा होता तिथे आज सकाळी गेलो. टेकडीवरची पायवाट, स्मॉल, काठिण्य २. हा माझा लॉग, टाकू का सांगा:

"सापडला नाही. सकाळी सव्वासहा ते सात. बाण एका कडुनिंबाभोवती फिरत राहिला. पाच मिनिटांत एक आजोबा आले, 'काय हरवलं?' म्हणाले. किल्ली म्हणालो. तेही शोधायला लागले. मग त्यांचे दोन मित्र. मग योगासनं करणाऱ्या एक काकू, त्यांनी कुठल्या कंपनीची किल्ली ते विचारलं. शेवटी खरं सांगितलं. त्यावर चौघांनीही दुप्पट उत्साहाने शोधलं, एकाने काठीने पाला उपसला, मी तो परत पसरला. एक आजोबा म्हणाले की दोन वर्षांपूर्वी वणव्यात हा उतार जळला होता, झाडाच्या बुंध्यावर अजून काळं दिसतं. मुळाशी वितळलेल्या प्लॅस्टिकचा तळहाताएवढा गोळा मिळाला, निळसर. तोच असावा. मालकांनी बघावं. गोळा मी उचलून आणला आहे. आजोबांनी चहा पाजला."

वाटचुकार
एक अक्षर बदलू नकोस. टाक. आणि लॉग "सापडला नाही" असाच राहू दे, गोळा मिळाला म्हणून "सापडला" करू नकोस. मालकाला वेगळा मेसेज कर, डबा दुरुस्तीला आलाय म्हणून. उत्तर नाहीच आलं तर तपासनीस पान बंद करतील, मग ती जागा मोकळी होईल.

पळसपान
टाकला. आजोबांनी नंबर घेतलाय. विचारत होते, पुढचा डबा कधी?